बाईसाहेबांची धार

त्या शनिवारी कडुलिंबाखाली तेवीस मुलं, तीन मोठी माणसं आणि एक शेळी होती. मताधिकार सव्वीस जणांना होता. शेळीलाही मत असावं, असा ठराव आदल्या शनिवारी आला होता. तो चौदा विरुद्ध नऊ असा पडला आणि तिन्ही मोठी माणसं तटस्थ राहिली. शेळीचं नाव बाईसाहेब. तेही मतदानानेच ठरलं होतं. मी दुधातल्या एका प्रथिनावरून ‘केसिन’ सुचवलं होतं. त्याला एक मत पडलं, माझं.

“विषय पहिला, झोक्याची दोरी,” संजीवनी वाघमोडेने घंटी वाजवून वाचायला सुरुवात केली. ती बारा वर्षांची होती आणि त्या महिन्याची अध्यक्ष होती. “विषय दुसरा, खिचडीत वाटाणे टाकायचे का न्हाईत. विषय तिसरा, कौस्तुभदादांचं काय करायचं.”

कौस्तुभदादा म्हणजे मी.

सांगोल्याच्या बाहेर, माळावर शालनताईंनी काढलेली ती शाळा होती. शालनताई पूर्वी गुरुजी तयार करणाऱ्या विद्यालयात शिकवायच्या. तिथे वीस वर्षं त्यांनी मुलांच्या कलाने कसं शिकवावं हे फळ्यावर लिहून दिलं, मग एके दिवशी खडू खाली ठेवला आणि माळावर चार खोल्या बांधल्या. इथे बाक नव्हते, छडी नव्हती, पहिला-दुसरा नंबर नव्हता. शाळेचे नियम दर शनिवारी बालसभेत ठरत. नव्या शिक्षकाला एक सत्र मिळे, आणि सत्र संपलं की तो राहणार की जाणार हेही बालसभाच ठरवी. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी हसून “उत्तम” म्हणालो होतो. रसायनशास्त्राची पदवी प्रथम श्रेणीत घेतलेल्या माणसाला बारा वर्षांची पोरं काढून टाकतील, ही शक्यता मी हिशेबात धरली नव्हती.

आता सत्र संपत आलं होतं आणि ती धरावी लागत होती. सोलापूरला वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मामांनी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती, ती दसऱ्यापर्यंत. त्या प्रयोगशाळेत मी सुट्टीत एक महिना काढला होता. रोज उसाच्या रसाचे तेच नमुने, तीच नळी, तोच आकडा, आणि महिनाभरात मला कुणीही एकसुद्धा प्रश्न विचारला नाही. इथे पहिल्या दिवशी मैना गडदेने विचारलं होतं, “दादा, सावलीला वजन असतं का?” त्या रात्री मी मामांना कळवून टाकलं की मी येत नाही; तरी त्यांनी जागा सोडली नव्हती. आता इथून हाकललं, तर दसऱ्याला तिकडेच तोंड दाखवावं लागणार होतं.

दोरीचा आणि वाटाण्यांचा निकाल लागला. वाटाणे मंजूर झाले.

“विषय तिसरा,” संजीवनी म्हणाली. “कोण बोलनार?”

इरफान मुलाणीने हात वर केला. “दादा वाईट न्हाईत. मारत न्हाईत, वरडत न्हाईत. पन लई सांगत्यात.”

“उदाहरण दे,” संजीवनी म्हणाली. उदाहरण दिल्याशिवाय तक्रार करायची नाही, हा सभेचा नियम होता.

“मी इचारलं, माठाखाली वल्लं का होतंय. तर दादांनी दोन तास बाष्पीभवन सांगितलं. फळ्यावर रेघा काढल्या. मग बाहेरचं तापमान, आतलं तापमान. मग घाम. मग कुत्रं जीभ का बाहेर काढतंय ते.”

“मग चांगलं की!” कुणीतरी म्हणालं.

“चांगलंच. पन मला फकस्त तिथं बसायचं हुतं. माठ सरकवायचा का मी सरकायचं, एवढंच.”

सभा हसली. सुतारकाम शिकवणारे अण्णा कमी ऐकू येत असूनही हसले. शालनताई शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी हात वर केला. संजीवनीने मला बोलायची परवानगी दिली.

“हे बघा,” मी म्हणालो, “आपल्या शाळेची पद्धत मला पूर्णपणे मान्य आहे. या पद्धतीची मुख्य तत्त्वं तीन. एक, शिकण्याची सुरुवात मुलाच्या कुतूहलापासून व्हावी. दोन, मूल ऐकून नाही, करून शिकतं. तीन, शिक्षकाने सांगणारा न होता सोबती व्हावं. आता यातल्या पहिल्या तत्त्वाचा आपण जरा खोलात विचार केला, तर...”

“दादा,” संजीवनी म्हणाली.

“...तर असं दिसतं की कुतूहलाचेही दोन प्रकार...”

संजीवनीने घंटी वाजवली. “दादा, तुमी परत सांगाय लागलाय.”

यावर जो हशा झाला, त्याने बाईसाहेब दचकून उभी राहिली.

मैना एवढा वेळ गप्प होती. मैना दहा वर्षांची, धनगरवाड्यावरची, बोलायला लागली की थेट मुद्द्यावर येणारी. ती म्हणाली, “दादांस्नी शिकायचं कसं असतंय तेच ठावं न्हाई. त्यांस्नी सगळं आधीच येतंय. न येनारं कायतरी त्यांनी आपल्याकडनं शिकावं. शिकलं तर ऱ्हाऊ द्या. न्हाई तर जाऊ द्या.”

प्रस्ताव सभेला फार आवडला. मला काय काय येत नाही, याची चौकशी सुरू झाली. पोहता येतं? येतं. सायकल? येते. भाकरी? थापता येते, आईने शिकवली होती. एकेक उत्तर ऐकून सभा हिरमुसत चालली. अखेर मैनानेच विचारलं, “धार?”

“कसली धार?”

“बाईसायबाची. धार काडता येती?”

मी शेळीकडे पाहिलं. तिनेही माझ्याकडे पाहिलं.

“नाही,” मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. मुदत पुढच्याच्या पुढच्या शनिवारपर्यंत ठरली. इथे मी गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं. पण अट मला मोघम वाटली. “धार काढता येते म्हणजे नेमकं काय?” मी उठून विचारलं. “चार थेंब आले तरी आली म्हणायचं का? मोजता येईल अशी अट पाहिजे.”

“बरोबर हाय,” इरफान म्हणाला. “अडीचशे मिली.”

ठराव एकमताने मंजूर झाला. माझंही मत त्यात होतं.

सोमवारी सकाळी माझं शिक्षण सुरू झालं. मुलांनी दोन गट केले होते. पहिला गट संजीवनीचा. त्यांनी मला वर्गात सतरंजीवर बसवलं, दार लावलं आणि फळ्यावर शेळीचं चित्र काढलं. शेळीला बाण काढून नावं दिली होती: कास, सड, मागचा पाय, पुढचा पाय, शेपूट. पायांचा संबंध काय, ते मला नंतर कळणार होतं.

“सांगा बरं,” संजीवनीने हातात पट्टी घेऊन विचारलं, “पान्हा म्हंजे काय?”

“दूध सडात उतरण्याची क्रिया.”

“पूर्ण वाक्यात.”

“शेळीच्या कासेतलं दूध सडात उतरण्याच्या क्रियेला पान्हा म्हणतात.”

“शाब्बास. पान्हा कधी चोरती?”

“माणूस अनोळखी असला, शेळी घाबरलेली किंवा रागावलेली असली तर.”

एवढं झाल्यावर तोंडी परीक्षा झाली. मला वीसपैकी वीस. मला फार बरं वाटलं, आणि हे मी मान्य करतो की दुपारभर मी त्या वीस गुणांविषयी अण्णांना दोनदा सांगितलं. त्यांना एकदाही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी मी गोठ्यात गेलो. बाईसाहेबांपुढे सुबाभळीचा पाला टाकला, कोमट पाण्याने कास पुसली, चरवी खाली धरली आणि पूर्ण वाक्यांत जे जे शिकलो होतो ते सगळं केलं. एक थेंब आला नाही. मग फळ्यावरचा मागचा पाय कशासाठी दाखवला होता, ते समजलं. चरवी भिंतीला जाऊन आदळली आणि मी शेणात बसलो.

“असं कसं झालं?” संजीवनीला खरंच आश्चर्य वाटलं होतं. “तुमाला तर सगळं येत हुतं!”

दुसऱ्या दिवशी मला मैनाच्या गटात घातलं. गट म्हणजे मैना एकटीच. तिने फळा घेतला नाही, पट्टी घेतली नाही. ती गोठ्यात पालथ्या टोपलीवर जाऊन बसली आणि म्हणाली, “काडा.”

“कसं काढू?”

“तुमास्नी काय वाटतं?”

हे शालनताईंचं वाक्य होतं. शाळेतल्या प्रत्येक मुलाला ते पाठ होतं. मुलाने काही विचारलं की ताई आधी एवढंच म्हणत, आणि मग मूल स्वतःच शोधायला लागे. मला ते वाक्य तोपर्यंत फार सुंदर वाटत आलं होतं.

“मला काही वाटत नाही, मैना. मला माहीत नाही म्हणून तर विचारतोय. अंगठा वर ठेवायचा की खाली?”

“ठिवून बघा की.”

मी वर ठेवला. काही नाही. खाली ठेवला. काही नाही. ओढलं, तर बाईसाहेबांनी मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं की मी नकळत “माफ करा” म्हणालो.

“चुकतंय का माझं?”

“दूध आलं का?”

“नाही.”

“मग?”

बुधवारी तेच. गुरुवारी तेच. मी विचारायचो, मैना “बघा की” म्हणायची. मला तिचा राग यायला लागला. शुक्रवारी मी शालनताईंकडे तक्रार घेऊन गेलो.

“ताई, ती मुलगी मला काहीच सांगत नाही.”

“हं,” ताई म्हणाल्या.

“तिला येतं. रोज पहाटे घरच्या आठ शेळ्या काढून ती शाळेत येते. एक वाक्य सांगितलं तर माझं काम होईल. हा वेळेचा अपव्यय आहे.”

“संजीवनीनं सांगितलं होतं ना सगळं?”

“हो.”

“किती गुण पडले?”

ताईंनी माझ्यापुढे शेंगांची परडी सरकवली. “घ्या. मिरजेकडच्या आहेत, गोड आहेत.”

शनिवार-रविवार मी खोलीत बसून प्रयोग केला. अण्णांकडून रबरी हातमोजा आणला, त्यात पाणी भरलं, एका बोटाला टाचणीने भोक पाडलं आणि खिळ्याला टांगला. हातमोज्याची धार मला पहिल्याच प्रयत्नात काढता आली. अगदी सरळ, लांब, समोरच्या भिंतीवर. सोमवारी मी मोठ्या उमेदीने गोठ्यात गेलो. हातमोजा आणि बाईसाहेब यांच्यातला फरक बाईसाहेबांनी एकाच लाथेत दाखवून दिला.

“त्यो हातमोजा पाला खातो का?” मैनाने विचारलं.

“नाही.”

“त्येला करडं हायत का?”

“नाही.”

“मग त्येनं कशाला आडवून धरावं?”

हे ऐकून मी पहिल्यांदा शेळीकडे नीट पाहिलं. तोवर मी फक्त सडाकडे पाहत होतो. आता पाहिलं तर तिच्या दोन करडांपैकी एक कासेला ढुशी मारत होतं, मग थोडं थांबत होतं, मग पुन्हा ढुशी. ते ओढत नव्हतं. वरून दाबून धरत होतं, आणि मग जिभेने खाली. मी करडांना पिताना पाहत बसलो. मंगळवारीही पाहत बसलो. शेळीने मला लाथ मारली नाही, कारण मी काही करतच नव्हतो. बुधवारी तिने माझ्या सदऱ्याची बाही चघळली. मैना टोपलीवर बसून होती. मी काही विचारलं नाही, ती काही बोलली नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी हात घातला. आधी कासेला करडासारखी हलकी ढुशी दिली. सड हातात जड झाला, गरम झाला. मी अंगठा आणि पहिलं बोट वर, मुळाशी घट्ट मिटलं. दूध परत वर पळायची वाट बंद झाली, हे माझ्या बोटांना आधी कळलं, डोक्याला नंतर. मग दुसरं बोट, तिसरं, चौथं. न ओढता.

धार निघाली. ती चरवीत पडली नाही, माझ्या उजव्या डोळ्यात आली. पण निघाली.

“आली!” मी ओरडलो. “मैना, आली! वरून आधी बंद करायचं! मग खाली एकेक बोट! मग...”

डोळा पुसून मी तिच्याकडे पाहिलं आणि थांबलो. मैनाने वेणीचं टोक दातांत गच्च धरलं होतं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि ते हवेत धार काढत होते: अंगठा वर, मग एकेक बोट. ते थांबवायचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं. वेणी भिजून काळी झाली होती.

तिने वेणी सोडली. “देवा रे,” ती म्हणाली. “दादा, पोट दुकाय लागलं हुतं माजं.”

“कशाने?”

“आंगटा वर, आंगटा वर, आंगटा वर. किती दिस झालं तोंडात आलंय. घरी जाऊन आईला सांगायची. आई म्हनायची, मला कशाला सांगतीस, मला येतंय.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुमी लगेच समजलं असतं,” मैना म्हणाली. “समजून काय करायचं हुतं?”

परीक्षेच्या शनिवारी गोठ्यासमोर सगळी शाळा बसली. बाईसाहेबांना आदल्या दिवशीपासून मक्याचा भरडा चालू केला होता; हे इरफानने सभेला आधीच जाहीर केलं, म्हणजे नंतर लबाडी नको. मी हात धुतले, ढुशी दिली, बसलो. पहिली धार चरवीत पडली तेव्हा टण्ण असा आवाज झाला आणि मुलं ओरडली. त्यानंतर आवाज बदलत गेला. चरवीचा तळ झाकला की धार फसफसायला लागते. माझी बोटं आखडली होती, पण चाललं होतं. मी मनात अंदाज करत होतो: दीडशे झालं असावं, दोनशे.

तेवढ्यात एक करडू दावं सोडवून आलं आणि दुसऱ्या बाजूने प्यायला लागलं.

“ओ, धरा त्याला!” कुणीतरी ओरडलं.

“न्हाई धरायचं!” संजीवनीने निर्णय दिला. “परीक्षा चालू असताना आत जायचं न्हाई.”

करडाने आपला वाटा घेतला. मी माझा घेत राहिलो. मग सड मऊ पडला, धार बारीक झाली आणि थांबली. मी उठलो. चरवी संजीवनीपुढे ठेवली.

संजीवनीने चरवी उचलली आणि दूध मोजपात्रात ओतलं. शाळेचं एकमेव मोठं मोजपात्र जुन्या प्लॅस्टिकचं होतं, वापरून धुरकट झालेलं. ओतताना दुधाला भरपूर फेस आला. पांढऱ्या दुधावर पांढरा फेस. दूध कुठे संपलं आणि फेस कुठे सुरू झाला, त्या धुरकट भिंतीतून दिसेना. फेसाचा माथा दोनशे नव्वदच्या रेघेवर होता.

“दोनशे नव्वद!” पोरं उठून नाचायला लागली. “पास! दादा पास!”

“थांबा,” इरफान म्हणाला. “फेस धरून का फेस सोडून?”

नाच थांबला. कुणालाच हे ठरवायचं सुचलं नव्हतं. अट घालणाऱ्यालाही नाही, आणि अट मोजता येईल अशी हवी म्हणून आग्रह धरणाऱ्यालाही नाही.

संजीवनी माझ्याकडे वळली. “दादा, फेस दुधात धरायचा असतो का?”

तेवीस तोंडं माझ्याकडे वळली. शालनताईंच्या हातातली शेंग अर्धी फुटून तशीच राहिली.

मला उत्तर येत होतं. फेस म्हणजे द्रवात अडकलेली हवा, प्रथिनांचा पातळ पापुद्रा, पृष्ठताण. चार वाक्यं माझ्या जिभेवर ओळीने येऊन उभी राहिली होती, फळ्यावरच्या आकृतीसकट. हेही येत होतं की खरं उत्तर दिलं तर बहुधा मी दसऱ्याला कारखान्यात असेन. मी तोंड उघडलं. समोर मैना बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता वेणीचं टोक दातांत धरलं.

मी तोंड मिटलं आणि गोठ्याच्या ओट्यावर बसलो.

“दादा?” संजीवनी म्हणाली.

मी हाताची घडी घातली.

“दादा सांगंनात,” कुणीतरी हळूच म्हणालं. आवाजात काळजी होती. “बरं न्हाई का त्यांस्नी?”

“फेस बी दूधच हाय की,” एक धाकटा मुलगा म्हणाला. “दुधातनंच आलाय.”

“मग चहात नुसता फेस घाल आन् पी.”

“आरं, पन पांडरा हाय न्हवं?”

“खडू बी पांडरा हाय.”

“मतदान घ्या,” दुसरा म्हणाला.

“मतदानानं फेसाचं दूध हुतंय व्हय?” मैना वेणी काढून म्हणाली आणि ती पुन्हा तोंडात धरली.

संजीवनी विचार करत होती. “चरवीत थोडा फेस उरलाय,” ती म्हणाली. “त्यो वाटीत काडू. त्याचं काय हुतंय बघू.”

वाटी आली. चरवीच्या कडेचा फेस चमच्याने खरवडून वाटीत भरला. वाटी शिगोशीग झाली. सगळी शाळा वाटीभोवती पालथी पडली. मला ओट्यावरून नुसत्या पाठी दिसत होत्या.

“फुटतंय. बुडबुडं फुटत्यात.”

“कान लाव. आवाज येतोय.”

“खरंच की! चुर्रर्र असं.”

“फुटल्यावर त्यातलं जातंय कुठं?”

“दादा, त्यातलं जातंय कुठं?”

मी ओट्याच्या कडेला दोन्ही हातांनी धरलं. अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “काय झालं, दात दुखतोय का?” मी मानेने नाही म्हणालो.

वाटीतला फेस खाली खाली गेला. शेवटी तळाशी चमचाभर दूध राहिलं. मुलं उठून बसली. मग तोच धाकटा मुलगा, फेस दूधच आहे म्हणणारा, वाटी तिरपी करून बघत म्हणाला, “एवढंच हुतं व्हय? बाकी नुसतं वारं!”

“म्हंजे मोजपात्रात बी वारं हाय,” संजीवनी म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं. आता विचारायला नाही, तर वाईट वाटून. “फेस बसूस्तोवर थांबायला लागंल.”

सगळे थांबले. कडुलिंबाची सावली मोजपात्रावरून सरकली. माथा दोनशे ऐंशीवर आला, मग सत्तरवर. इरफानने शाळेचं स्टॉपवॉच गळ्यात अडकवलं होतं आणि तो मधूनमधून त्याकडे पाहत होता. फेस बसायला किती वेळ लागतो ते मोजत असावा, असं मला वाटलं. साठ. पन्नास. तिथे तो बराच वेळ रेंगाळला. एक माशी मोजपात्राच्या कडेवर बसली, तिला चौघांनी मिळून हाकललं. मग शेवटचे बुडबुडे गेले.

संजीवनी गुडघ्यांवर बसली, डोळा रेघेच्या पातळीला आणला आणि एकदा वाचलं. मग मैनाला वाचायला लावलं. मग इरफानला. तिघांचा आकडा जुळला.

“दोनशे चाळीस,” ती म्हणाली.

दहा कमी. मी उठलो आणि सदऱ्याच्या बाह्या खाली सोडल्या. खोलीत एक ट्रंक आणि एक वळकटी होती, आवरायला फारसं काही नव्हतं. बोलायला मात्र पुष्कळ होतं, पण आता ते कशाला, असं वाटून मी तेही राहू दिलं.

“माझं एक मोजमाप राहिलंय,” इरफान म्हणाला.

“कसलं?” संजीवनीने विचारलं.

त्याने अध्यक्षांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि गळ्यातलं घड्याळ तिच्यापुढे धरलं. संजीवनीने ते पाहिलं. पुन्हा पाहिलं. तिने ते मैनाला दाखवलं. मैनाच्या तोंडातून वेणी पडली.

“खोटं!” मैना म्हणाली.

“आईशप्पत. ‘फेस दुधात धरायचा असतो का’ म्हनली संजी, तवाच बटन दाबलंय.”

घड्याळ हातोहात फिरलं. ज्याच्या हातात जाई तो आधी त्याकडे आणि मग माझ्याकडे बघे, मी एखादा नवीन माणूस असल्यासारखा. शालनताईंनी चष्मा वर करून पाहिलं, घड्याळ पुढे दिलं आणि हातातली शेंग एकदाची फोडली.

संजीवनी उभी राहिली आणि तिने घंटी वाजवली. “ठराव असा हाय. दूध दहा मिली कमी भरलं, ते कमीच हाय. पन आपली तक्रार दुधाची न्हवती. म्हनून दादांनी ऱ्हावं. धार काडायला शिकायचं चालू ठेवावं. कोन बाजूनं?”

हात वर गेले. अण्णांनी काय चाललंय ते शेजाऱ्याला विचारलं आणि दोन्ही हात वर केले. त्यातला एक संजीवनीने खाली करायला लावला. विरोधात कुणी नव्हतं.

मला बोलायला सांगितलं नव्हतं, तरी मी हात वर केला. परवानगी मिळाली.

“मला बघायला मिळेल का?” मी विचारलं.

इरफानने घड्याळ गळ्यातून काढून माझ्या हातात दिलं. “घ्या,” तो म्हणाला, “तुमीच वाचा.”

अठरा मिनिटं, चाळीस सेकंद.